ताईच्या कोर्टात माझा हर्निया

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. डॉक्टरांनी वाकायची, उचलायची आणि जोरात खोकायची मनाई केली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच हात जोडलेत असं समज, आशीर्वादात मात्र कपात करू नकोस.) तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस की नुसती बाटली उशाशी ठेवून झोपतेस? जवळचा चष्मा सापडला का? सापडला असेल तर हे पत्र स्वतः वाच. नसेल तर सापडेपर्यंत थांब, पण तुझ्या सुनेकडून वाचून घेऊ नकोस. पोरगी वाईट नाही, पण ती आधी हसते, मग माझ्या सुनेला फोन करते, आणि मग माझी सून मला फोन करून विचारते की बाबा, तुम्ही बरे आहात ना. त्या 'ना'मध्ये जे काही भरलेलं असतं ते ऐकून घेण्याइतकं त्राण सध्या माझ्या अंगात नाही. मी बरा आहे. टाके सुकताहेत, भूक लागते, पेपर वाचतो आणि पेपर उशिरा आला तर पेपरवाल्याशी भांडतोही, म्हणजे प्रकृती पूर्वपदावर आहे.

पत्राचं कारण तुला ठाऊक आहे. तुझा भाचा (म्हणजे माझा एकुलता एक मुलगा, पण हल्ली तो माझा कमी आणि तुझा जास्त असल्यामुळे मी त्याला तुझा भाचाच म्हणतो) एव्हाना तुला फोन करून सगळं रंगवून सांगून मोकळा झाला असेल. तेव्हा निकाल देण्याआधी माझी बाजू ऐकून घे. तुझ्याच जेवणाच्या टेबलावर, तुझ्यादेखत काय ठरलं होतं ते आठव. ही गेल्यापासून त्याचं एकच पालुपद चालू होतं: बाबा, एकटे राहू नका, घर बंद करा, आमच्याकडे या. मी म्हटलं, मला काय धाड भरली आहे? तर नेमका तेव्हाच हा हर्निया उपटला. मग त्याने पैज लावली. ऑपरेशनला आमच्याशिवाय जा, त्याच दिवशी संध्याकाळी आपल्या पायांनी आपल्या घरी या. जमलं तर मी जन्मात हा विषय काढणार नाही, नाही जमलं तर मुकाट्याने सामान बांधायचं. मी म्हटलं, कबूल. आणि निकाल कोण देणार म्हणून वाद झाला तेव्हा तू वाटाणे सोलता सोलता म्हणालीस, मी देते. तेव्हा माझं घर, माझी खुर्ची, माझी बाल्कनी आणि बाल्कनीतून दिसणारी ती पाण्याची टाकी, हे सगळं सध्या तुझ्या हातात आहे. तिकडे त्यांनी माझ्यासाठी जी खोली काढून ठेवली आहे ती तू पाहिली आहेस. तिच्यात एक चालायचं यंत्र आहे, त्याच्यावर आजवर कपड्यांशिवाय कोणी चढलेलं नाही, आणि उरलेल्या जागेत मी.

आता हॉस्पिटलचं ऐक. पैज मारताना मी आंधळेपणाने मारली नव्हती. त्यांच्या दारातच भलीमोठी पाटी आहे: सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी. पाटीवर एक पिकल्या केसांचा माणूस हसत हसत पळताना दाखवला आहे. (त्याला हर्निया कशाने झाला ते पाटी बघूनच कळतं.) सर्जनही त्याच तालावरचा. त्याला मी मनात 'चालते डॉक्टर' असं नाव ठेवलं, कारण मी त्याला उभा असलेला फक्त ऑपरेशनच्या टेबलापाशी पाहिला, एरवी तो सतत कुठून तरी निघालेला आणि कुठे तरी पोचत नसलेला. माझी तपासणी त्याने दारातून आत येताना सुरू केली आणि दुसऱ्या दारातून बाहेर पडताना संपवली. जाता जाता म्हणाला, काका, काही नाही हो, दाढ काढण्यासारखं आहे. माझ्या दाढेच्या वेळी काय झालं होतं ते तुला माहीत आहे, पण मी गप्प बसलो. संध्याकाळी घरी जाणार ना, एवढंच विचारलं. तो जिन्यावरून ओरडला, शंभर टक्के.

फक्त एक अट होती. घरी न्यायला आणि रात्री सोबत थांबायला एक जबाबदार प्रौढ माणूस हवा. आता पैजेप्रमाणे घरचं कोणी चालणार नव्हतं, म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या स्माईलभाऊंना नेलं. त्यांना तू जिन्यात भेटली आहेस, ज्यांनी तुला हनुवटी जरा खाली घ्या म्हणून सांगितलं होतं ते. जन्मभर फोटो स्टुडिओ चालवला, समोर येईल त्याला 'स्माईल' म्हटलं, आता स्टुडिओ विकून बसले आहेत तरी जगाकडे बघताना एक डोळा मिटतात. प्रौढ ते नक्कीच आहेत. जबाबदार या शब्दाबद्दल सिस्टरने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, पण त्यांनी तिलाच उजेडाकडे तोंड करून उभं राहायला सांगितल्यामुळे ती गडबडली आणि विषय तिथेच राहिला.

ऑपरेशन उत्तम झालं, ही गोष्ट निकालात ठळक यायला हवी. कमरेत इंजेक्शन देऊन मला छातीखाली बधिर केलं, मध्ये एक हिरवं कापड धरलं आणि कापडापलीकडे माझ्या पोटात काम सुरू झालं. भूल देणारी बाई आणि चालते डॉक्टर यांचं बोलणं मला स्वच्छ ऐकू येत होतं. डॉक्टरच्या घराची गच्ची गळते. ठेकेदार म्हणतो वरून डांबर ओतू, बायको म्हणते फरशी बदलू. ताई, मी पाणीपुरवठा खात्यात गळती तपासनीस होतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. अख्खी नोकरी मी लोखंडी दांडा रस्त्याला टेकवून, त्याचं दुसरं टोक कानाला लावून जमिनीखालचं पाणी ऐकण्यात घालवली. माझ्यासमोर कोणी गळतीबद्दल वेडंवाकडं बोललं की मला राहवत नाही, मग माझं पोट उघडं असो की बंद. मी कापडाआडून म्हटलं, आधी कोपऱ्यातला पाइप बघा, गच्ची कधीच मधोमध गळत नसते. डॉक्टर कापडावरून डोकावून म्हणाला, काका, तुम्ही झोपला नाहीत? मी म्हटलं, तुम्ही तुमचं चालू ठेवा. त्याने चालू ठेवलं, पण मधूनमधून शंका विचारत राहिला, आणि माझा असा संशय आहे की माझ्या टाक्यांतले निदान दोन तरी त्याने गच्चीचा विचार करत घातले असावेत.

दुपारी मला कॉटवर आणून टाकलं. पायांत जीव आला. चहा प्यालो, दोन बिस्किटं खाल्ली, सिस्टरचा हात न धरता दारापर्यंत चालून दाखवलं. स्माईलभाऊंनी माझी पिशवी भरली, रिक्षावाल्याला फोन केला. मी शर्टाची बटणं लावत होतो, तेवढ्यात मोठी सिस्टर आली (मोठी हुद्द्याने आणि आवाजानेही) आणि सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं विचारलं, काका, लघवी झाली का?

मी म्हटलं, घरी जाऊन करीन. ती म्हणाली, इथे केल्याशिवाय घरी नाही. त्यांचा नियम आहे म्हणे. खाणं, चालणं आणि ही गोष्ट, तिन्ही झाल्याशिवाय सोडत नाहीत. आता मला सांग, पाटीवर हे लिहायला नको? पळणाऱ्या माणसाच्या चित्राखाली बारीक अक्षरात का होईना, पण लिहायला नको? शिवाय या गोष्टीचं असं आहे की ती कोणी विचारेपर्यंत अगदी आपोआप होत असते. एकदा विचारलं की झालं. माझ्या हातात एक प्लॅस्टिकचं भांडं दिलं, पडदा ओढला, आणि पडद्याबाहेर एक सिस्टर, एक मावशी, तीन पेशंट आणि स्माईलभाऊ असे सहा जण श्वास रोखून उभे. त्यात स्माईलभाऊ मला धीर देत होते की मुळीच घाई करू नका, सैल सोडा, चेहरा नैसर्गिक ठेवा. अशा वातावरणात मोठमोठ्यांचा निभाव लागणार नाही.

आणि आता मुख्य मुद्दा, जो तुझ्या भाच्याने तुला सांगितला नसेल. वॉर्डातल्या मावशी अनुभवी. त्या म्हणाल्या, थांबा, नळ सोडते, पाण्याचा आवाज आला की आपोआप होतं, भल्याभल्यांचं होतं. आणि त्यांनी बाथरूममधला नळ पुरता सोडला. ताई, आता तूच विचार कर. इतर माणसांना वाहत्या नळाचा आवाज ऐकून काय वाटत असेल ते वाटो. मी ज्या आवाजाने झोपेतून उठून बसायचो, ज्या आवाजासाठी लोकांच्या घरात घुसून दंड ठोकला, तो आवाज. खाली बादली नाही, तांब्या नाही, चांगलं शुद्ध केलेलं पाणी सरळ मोरीत. माझ्या पोटातलं जे काही सैल पडू बघत होतं ते सगळं मुठीसारखं आवळलं गेलं. मी भांडं खाली ठेवलं, टाके सांभाळत बाथरूमपर्यंत गेलो, नळ बंद केला आणि परत येऊन उभा राहिलो. मावशींना वाटलं, नळ आपला आपण बंद झाला. त्यांनी पुन्हा सोडला. मी पुन्हा बंद केला. तिसऱ्यांदा त्यांनी मला रंगेहाथ पकडलं आणि म्हणाल्या, अहो काका, हे काय करताय? मी म्हटलं, तुम्ही काय करताय? त्यावर आमचं थोडं वाजलं. मी त्यांना सांगितलं की असा एक नळ तासभर सोडला तर किती घरांचं प्यायचं पाणी जातं. त्या म्हणाल्या, एवढी काळजी आहे तर आपलं आधी सोडा. वॉर्ड हसला. शेजारच्या कॉटवरचा बेकरीवाला तर पोट धरून हसला आणि त्याचंही ऑपरेशन नुकतंच झालेलं असल्यामुळे लगेच कळवळला, ते बरं झालं.

मग सिस्टरने तोडगा काढला. नळाखाली बादली ठेवायची, म्हणजे पाणी वाया जाणार नाही. मला हे पटलं. पण बादली भरत आली तसा तिचा आवाज बदलायला लागला, आणि तो बदलणारा आवाज मी नोकरीभर ऐकलेला. आता काठापर्यंत आली, आता सांडणार, याशिवाय माझ्या डोक्यात दुसरं काही येईना. मी पडद्याआडून ओरडलो, बादली काढा. बादली काढायला गेलेल्या मावशींच्या पायावर पाणी सांडलं आणि त्यानंतर त्यांनी माझ्या बाबतीत हात टेकले. एवढ्यात चालते डॉक्टर वॉर्डातून आरपार निघाले होते. त्यांनी चालता चालता माझ्या ओटीपोटावर बोटं दाबली. माझ्या डोळ्यांपुढे तारे चमकले. ते म्हणाले, भरलंय, नळी घाला, आज ठेवून घ्या. मी मागून ओरडलो, शंभर टक्के म्हणाला होतात. ते एव्हाना जिन्यात होते.

नळी घातली त्याबद्दल मी लिहिणार नाही. तू माझी मोठी बहीण आहेस आणि काही गोष्टी झाकलेल्या बऱ्या. एवढंच सांगतो की जन्मभर दुसऱ्यांच्या पाइपलाइनमध्ये नळ्या घालताना त्या पाइपांना काय वाटत असेल याचा मी विचार केला नव्हता. नळी घातल्याबरोबर जी मोकळीक वाटली ती मात्र खोटं कशाला बोलू, स्वर्गसुख होतं. पाच मिनिटं मी पैज, घर, तू, सगळं विसरलो. मग सिस्टरने कॉटच्या खाली पिशवी अडकवली, गळ्यात नवा बिल्ला घातला आणि म्हणाली, काका, तुम्ही आता अॅडमिट.

त्या शब्दाने मी भानावर आलो. संध्याकाळी तुझा भाचा व्हिडिओ कॉल करणार होता. तसं ठरलं होतं, की मी घरी माझ्या खुर्चीत बसलेला त्याला दिसलो पाहिजे. मी स्माईलभाऊंना म्हटलं, संपलं सगळं, मी आता त्या कपड्यांच्या यंत्राखाली मरणार. स्माईलभाऊंनी एक डोळा मिटला. वॉर्डाची भिंत बघितली, खिडकीतला उजेड बघितला आणि म्हणाले, चौकट छोटी ठेवली तर कुठलीही भिंत कुठलीही वाटते. किल्ली द्या. मी किल्ली दिली. (ही माझी चूक असेल तर असेल, पण बुडत्या माणसाने किल्ली सांभाळून काय करायचं?) ते तासाभरात माझ्या घरातून निम्मं घर घेऊन आले. दिवाणखान्याचा पडदा, भिंतीवरचं घड्याळ, माझ्या खुर्चीची उशी, कोपऱ्यातली कुंडी. कुंडी कशाला, असं सिस्टरने विचारलं तर म्हणाले, खोलीला खोली येते. माझा घरचा शर्ट मला वरून चढवला. खाली हॉस्पिटलचा पायजमा आणि नळी, पण ते चौकटीच्या बाहेर. पडदा कशाला अडकवायचा हा प्रश्न होता, तर शेजारच्या बेकरीवाल्याची सलाइनची सळई होती, ती त्यांनी माझ्या पाठीमागे ओढून घेतली आणि पडदा तिच्यावर टाकला. बेकरीवाल्याला त्यांनी हात लांब करून झोपायला सांगितलं. त्याने आनंदाने केला. असल्या कामात लोक इतकी मदत का करतात कळत नाही.

कॉल आला. ताई, चित्र अप्रतिम होतं, हे मी फोनच्या कोपऱ्यातल्या माझ्या छबीत पाहिलं. मी घरात दिसतो त्यापेक्षा जास्त घरात दिसत होतो. तुझा भाचा म्हणाला, पोचलात का? मी म्हटलं, हा काय, चहा पिऊन बसलोय. तो म्हणाला, चेहरा उतरलाय. मी म्हटलं, उजेड बाजूने येतोय. (हे मला स्माईलभाऊंनी शिकवून ठेवलं होतं.) तो गप्प झाला. हरल्यावर माणूस जसा गप्प होतो तसा. मला, खरं सांगतो, त्याची जरा कीव आली. आणि त्याच क्षणी बेकरीवाल्याची सलाइन संपली. सिस्टर आली, तिला सळई जागेवर दिसेना, ती माझ्यामागे दिसली. तिने पडद्याचं टोक धरून एकच हिसका दिला. दिवाणखाना खाली आला. घड्याळ कुंडीत पडलं. आणि माझ्या खांद्यामागे चौकटीत एक सिस्टर, एक बाटली आणि हात लांब करून पडलेला बेकरीवाला असं दृश्य उभं राहिलं. बेकरीवाला सभ्य माणूस, त्याने मोकळा हात वर करून तुझ्या भाच्याला नमस्कार केला. सिस्टरने फोनमध्ये वाकून विचारलं, तुम्ही मुलगा का? यांची लघवी अडकली आहे.

मी डोळे मिटून घेतले. आता हसेल, आता म्हणेल की बघा, मी म्हणत होतो. पण त्याने सिस्टरला विचारलं, ताप आहे का, आणि मग म्हणाला, मी निघतो. मी म्हटलं, अरे गरज नाही, तर कॉल बंद झालेला.

सकाळी मी उठलो तर तो कॉटशेजारी स्टुलावर बसलेला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, कुठल्या गाडीने आला कोण जाणे. मी रात्रभर मनात उत्तरं घोळवली होती. पैजेत हॉस्पिटलची चूक धरायची नाही असं कुठे ठरलं होतं, वगैरे. पण तो विषयच काढेना. नळीची पिशवी भरली होती, मावशी दुसऱ्या वॉर्डात होत्या. त्याने इकडेतिकडे बघितलं, मोजमापाचं भांडं घेतलं, वाकून पिशवीची कळ उघडली आणि माझी पिशवी रिकामी केली. नाक मुरडलं नाही. हात धुतले, आणि धुऊन झाल्यावर नळ घट्ट बंद केला. मी भिंतीकडे तोंड केलं. ताई, हा पोरगा लहानपणी दुधावरची साय बघून ओकायचा.

दुपारी नळी काढली. या वेळी मी नळ, बादली, मावशी, सगळ्यांना वॉर्डाबाहेर पाठवलं, आणि कोणी न विचारता, कुठलाही आवाज न करता, काम झालं. मोठ्या सिस्टरने ते जाहीर केलं. बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या. चालते डॉक्टर दारातून म्हणाले, बघा, म्हटलं नव्हतं, आणि गच्चीचा पाइप नेमका कुठे शोधायचा ते विचारून गेले. तुझा भाचा मला घरी घेऊन आला, पडदा पुन्हा लावला, घड्याळ कुंडीतून काढून पुसलं, दोन दिवस राहिला आणि गेला. या दोन दिवसांत पैजेचा एक शब्द काढला नाही. मी स्वतः दोनदा संधी दिली. एकदा जेवताना म्हटलं, तिकडच्या खोलीत ऊन येतं का? तो म्हणाला, भाजी वाढू का? जाताना दारात फक्त एवढंच म्हणाला की आत्याला विचारा, ती म्हणेल ते. आता याला काय म्हणायचं? माणूस समोरून भांडला तर उत्तर देता येतं. हा असा भांडतच नाही, ही काय पद्धत झाली?

तेव्हा न्यायमूर्ती ताईसाहेब, आता शांतपणे बघा. पैज ऑपरेशनची होती, आणि ऑपरेशन बिनचूक झालं. मी आपल्या पायांनी दारापर्यंत चाललो, त्याला साक्षीदार आहेत. मला ठेवून घेतलं ते हर्नियासाठी नाही, तर एका वेगळ्याच कारणासाठी, ज्याचा पैजेत उल्लेखही नव्हता, आणि ते कारणदेखील घडलं ते माझ्या कर्तव्यबुद्धीमुळे. सार्वजनिक पाण्याची नासाडी होताना गप्प उभा राहिलो असतो तर संध्याकाळी घरी असतो. प्रामाणिकपणाबद्दल माणसाला घर गमावण्याची शिक्षा द्यायची का? पडद्याचं नाटक झालं ते मान्य, पण ते स्माईलभाऊंचं, मी नुसता बसलो होतो, आणि बसायला तर मला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. शिवाय तुझा भाचा न बोलावता आला, म्हणजे पैजेची अट मोडली ती त्याने. तू लहानपणी माझ्या आणि शेजारच्या मुलाच्या प्रत्येक भांडणात त्याच्या बाजूने निकाल दिलास हे मी कधी बोलून दाखवलेलं नाही, आजही दाखवत नाही. फक्त आठवण करून देतो. गुडघ्याला जप. कोपऱ्यातली कुंडी थोडी पिचली आहे, पण रोप जगेल.

तुझा धाकटा भाऊ, ज्याचं घर तुझ्या एका शब्दावर उभं आहे.

ता. क. : स्माईलभाऊंनी पडदा पडण्याआधी त्या देखाव्याचा फोटो काढून ठेवला होता. मोठा करून, चौकटीत घालून मला भेट दिला आहे. कुठे लावू?

ता. क. दुसरा : तुझ्या भाच्याने तुला फोन केला नसेल तर तू करू नकोस. आणि केला असेल तर तो काय म्हणाला ते मला शब्दन् शब्द कळव. माझ्याबद्दल नाही, पिशवीबद्दल काही म्हणाला का तेवढं.

ता. क. तिसरा : हा मुद्दाम वेगळ्या कागदावर लिहितो आहे. परवा, तो गेल्यानंतर, आंघोळीला गेलो आणि मला घेरी आली. काही झालं नाही, स्टुलावर बसलो, थोड्या वेळाने गेली. पण बसल्या बसल्या समोर आतून लावलेली कडी दिसत होती. हाक मारावी तर स्माईलभाऊ दुपारी कानातलं यंत्र काढून ठेवतात. मला भीती वाटली, ताई. हे मी कोणाजवळ बोललेलो नाही. तेव्हापासून दार सताड उघडं ठेवून आंघोळ करतो, एकट्याच्या घरात. तेव्हा निकाल माझ्या विरुद्ध दे. मी चिडेन, फोन आपटीन, तुला पक्षपाती म्हणेन, महिनाभर बोलणार नाही; तू ऐकू नकोस, आपल्या म्हणण्यावर अडून राहा. एवढा हा कागद वाचून झाला की फाडून टाक. वरचं पत्र मात्र जपून ठेव आणि पोराला दाखव. बाप त्याच्याकडे सहजासहजी आला नाही, एवढं तरी त्याला वाटू दे.